जिवाणू कुणाच्या मालकीचा? आनंद चक्रवर्तींच्या पेटंटची गोष्ट

ज्यांना ऐकायला वेळ मिळत नाही, किंवा लोकलच्या गोंगाटात अर्धं ऐकूच येत नाही, त्यांच्यासाठी हा भाग नेहमीप्रमाणे लिहून देतेय. बोलताना जे घाईत निसटलं, ते इथे जरा नीट मांडलंय.

तारीख १६ जून १९८०, ठिकाण वॉशिंग्टन. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयातल्या नऊ न्यायाधीशांनी त्या दिवशी एका जिवाणूबद्दल निकाल दिला. निकाल एकमताने नव्हता. पाच जण एका बाजूला, चार जण दुसऱ्या बाजूला. एक न्यायाधीश जरी इकडचा तिकडे झाला असता, तरी निकाल उलटा लागला असता. प्रश्न ऐकायला साधा होता: प्रयोगशाळेत माणसाने बदललेला जिवंत जिवाणू ‘शोध’ म्हणून कुणाच्या नावावर होऊ शकतो का? यंत्राचं पेटंट मिळतं, औषधाचं मिळतं, तसं एका जिवाचं मिळू शकतं का?

हा जिवाणू ज्याने घडवला, तो माणूस बंगालचा होता. डॉ. आनंदमोहन चक्रवर्ती. निकालाच्या वेळी वय ४२, पण ज्या कामावर हा निकाल आला ते काम त्यांनी पस्तिशीच्या आत केलेलं.

आता या गोष्टीतली गंमत आधीच सांगून टाकते. समुद्रावर सांडलेलं तेल खाण्यासाठी हा जिवाणू बनवला होता, आणि त्याने आजवर एकही समुद्र साफ केलेला नाही. तो बाटलीतच राहिला. तरीही आज इन्सुलिनपासून पिझ्झावरच्या चीजपर्यंत जिवाणू आणि यीस्टकडून वस्तू बनवून घेणारा जो प्रचंड उद्योग उभा आहे, त्याच्या पायात याच जिवाणूच्या कागदपत्रांची एक वीट आहे. हे कसं झालं, ते बघूया.

बीरभूम ते इलिनॉय

चक्रवर्तींचा जन्म १९३८ चा, बंगालमधल्या बीरभूम जिल्ह्यातल्या साँइथियाचा. शिक्षण कलकत्त्याला. १९६५ मध्ये कलकत्ता विद्यापीठाची पीएच.डी. झाली आणि ते अमेरिकेला गेले. इलिनॉय विद्यापीठात, अर्बाना इथे, आयर्विन गन्सालस नावाचे नामांकित जीवरसायनशास्त्रज्ञ होते. त्यांच्या प्रयोगशाळेत चक्रवर्ती रुजू झाले. तिथे ज्या जिवाणूवर काम चाललं होतं त्याचं नाव स्युडोमोनास.

तुमच्यापैकी ज्यांच्या घरी शेती आहे, त्यांना हे नाव नवीन नाही. कृषी सेवा केंद्रात बुरशीच्या रोगांवर स्युडोमोनासची पाकिटं मिळतात. त्याच कुळातली ही भावंडं. मातीत, पाण्यात, सगळीकडे राहणारी आणि खाण्याच्या बाबतीत कसलेच नखरे नसणारी. कापूर घाला, खातील. नॅप्थालीन, म्हणजे कपाटातल्या डांबरगोळ्या, त्याही यांच्यातले काही जण पचवतात. इतर जीव ज्याला विष म्हणतील, त्यावर हे जगतात.

हे त्यांना जमतं कसं? चक्रवर्ती आणि त्यांचे सहकारी याचा माग काढत होते, तेव्हा एक महत्त्वाची गोष्ट पुढे आली. यातली बरीचशी पचवण्याची ताकद जिवाणूच्या मुख्य गुणसूत्रात नसते, ती ‘प्लास्मिड’ नावाच्या वेगळ्या, छोट्या, गोल डीएनएमध्ये असते. मी हे असं समजून घेते: मोबाईलची आतली मेमरी म्हणजे मुख्य गुणसूत्र आणि प्लास्मिड म्हणजे वरून घातलेलं मेमरी कार्ड. कार्ड काढलं तरी फोन चालतो, फक्त त्या कार्डावरची गाणी वाजत नाहीत. आणि मुख्य म्हणजे दोन जिवाणू एकमेकांना चिकटतात तेव्हा एकाच्या कार्डाची प्रत दुसऱ्याकडे जाते. निसर्गात हे रोज, आपल्या पायाखालच्या मातीत चालू असतं.

तेलातून अन्न

१९७१ मध्ये चक्रवर्ती जनरल इलेक्ट्रिक कंपनीत आले. न्यूयॉर्क राज्यातल्या स्केनेक्टडी इथे कंपनीचं मोठं संशोधन केंद्र होतं. बल्ब आणि टर्बाइन बनवणाऱ्या कंपनीला जिवाणू कशाला हवेत, असं वाटेल. तर त्या काळात कंपनीचा एक प्रकल्प होता: गोठ्यातल्या शेणाकचऱ्यावर जिवाणू वाढवून त्यातून गुरांसाठी प्रथिनयुक्त खाद्य तयार करायचं. चक्रवर्ती नोकरीला लागले ते या कामासाठी.

हे आपल्याला आज विचित्र वाटतं, पण तेव्हाचं वातावरण समजून घ्या. साठच्या दशकात जगाला प्रथिनं कमी पडणार, अशी मोठी भीती होती. ब्रिटिश पेट्रोलियम कंपनीच्या फ्रान्समधल्या कारखान्यात आल्फ्रेड शांपान्या नावाचे संशोधक खनिज तेलातल्या मेणावर यीस्ट वाढवून त्याचं पशुखाद्य बनवत होते. तेव्हा तेल स्वस्त होतं, एका पिंपाला दोन-तीन डॉलर. मग स्वस्त तेल घ्या, त्यावर सूक्ष्मजीव वाढवा आणि त्यांच्या शरीरातलं प्रथिन गुरांना, पुढे माणसांनाही खाऊ घाला. अनेक देशांमध्ये शहाणीसुरती माणसं या मागे लागली होती. चक्रवर्तींच्या मनातही सुरुवातीला तेल खाणाऱ्या जिवाणूपासून प्रथिन मिळवण्याचाच विचार होता.

त्याच सुमारास दुसरी एक गोष्ट घडत होती. १९६७ मध्ये इंग्लंडच्या कॉर्नवॉल किनाऱ्याजवळ टॉरी कॅनियन हे तेलवाहू जहाज खडकावर आपटलं आणि लाखाहून जास्त टन तेल घेऊन फुटलं. १९६९ मध्ये कॅलिफोर्नियात सांता बार्बराच्या किनाऱ्याजवळ तेलविहिरीतून गळती झाली. तेलाने माखलेले पक्षी लोकांनी टीव्हीवर बघितले. साहजिकच प्रश्न आला की, तेल खाणारा जिवाणू असेल तर तो समुद्रावर का सोडू नये?

पुढे १९७३ चा ऑक्टोबर आला. अरब-इस्रायल युद्ध झालं आणि काही महिन्यांत तेलाची किंमत जवळपास चौपट झाली. तेलातून अन्न बनवण्याचं स्वप्न तिथेच लंगडं पडलं. महाग तेल खायला घालून स्वस्त प्रथिन कसं मिळणार? तेल खाणाऱ्या जिवाणूला मात्र सफाईचं काम शिल्लक राहिलं.

एकाच जिवाणूत चार कार्डं

कंपनीने दिलेलं काम सांभाळून चक्रवर्तींनी स्युडोमोनासचा नाद चालू ठेवला होता. अडचण ही होती की, खनिज तेल म्हणजे एकच पदार्थ नाही, ती शेकडो हायड्रोकार्बनची मिसळ आहे. एक जिवाणू ऑक्टेन खातो, दुसरा नॅप्थालीन, तिसरा झायलीन. मग सगळे एकत्र सोडले तर? ते आपसातच भांडतात. जो जोरात वाढतो तो बाकीच्यांना मागे टाकतो, आणि तेलाचा बराच भाग तसाच राहतो.

चक्रवर्तींनी वेगळा विचार केला. चार जिवाणू सोडण्याऐवजी चारही कार्डं एकाच जिवाणूत घालायची. एका जिवाणूची दुसऱ्याशी गाठ घालून प्लास्मिड एकेक करून आत आणायचे. पण कापूर पचवणारा प्लास्मिड आणि ऑक्टेन पचवणारा प्लास्मिड एका घरात नांदेनात. एक आला की दुसरा बाहेर. यावर उपाय म्हणून त्यांनी त्या जिवाणूंवर अतिनील किरणांचा मारा केला. त्यातून काही जिवाणूंमध्ये दोन्ही प्लास्मिड जोडले जाऊन एकच झाले आणि टिकून राहिले. मग त्यात नॅप्थालीन आणि झायलीनचे प्लास्मिड आणले. तयार झालेला जिवाणू कच्च्या तेलावर त्याच्या कुठल्याही एकट्या भावापेक्षा जोमाने वाढत होता.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. हा जिवाणू आपण आज ज्याला ‘जीन एडिटिंग’ म्हणतो त्यातून आलेला नाही. जनुक कापणं आणि जोडणं, ते तंत्र १९७३ च्या सुमाराला वेगळ्या लोकांनी उभं केलं. चक्रवर्तींनी निसर्गाचाच देवाणघेवाणीचा रस्ता वापरला, फक्त निसर्गात न जमलेली गाठ जमवून आणली. ते स्वतः पुढे एका मुलाखतीत म्हणाले होते की, मी केवळ जनुकांची फिरवाफिरव केली, घरच्या मांजरीला चार नव्या करामती शिकवाव्यात तसं.

७ जून १९७२ रोजी पेटंटचा अर्ज गेला. त्यात तीन तऱ्हेचे दावे होते. पहिला, हा जिवाणू बनवण्याच्या पद्धतीवर. दुसरा, त्याच्या विरजणावर. म्हणजे गवताच्या काडीसारख्या पाण्यावर तरंगणाऱ्या वस्तूवर जिवाणू लावून ठेवायचा आणि ते तेलावर पसरायचं. आणि तिसरा दावा थेट जिवाणूवर. हा जिवाणू आमचा.

पेटंट कार्यालयाने पहिले दोन मान्य केले. तिसऱ्यावर काट मारली. कारणं दोन: जिवाणू ही निसर्गाची निर्मिती आहे, आणि तो जिवंत आहे, म्हणून कायद्यात बसत नाही.

रायझोबियमचं पाकीट आणि जुना निकाल

पेटंट कार्यालय काही हट्टीपणाने बोलत नव्हतं. त्यांच्या पाठीशी १९४८ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल होता, आणि तो आपल्या शेतकऱ्यांच्या रोजच्या कामाशी जोडलेला आहे.

सोयाबीन किंवा हरभरा पेरण्याआधी बियाण्याला रायझोबियम चोळतात, बीजप्रक्रिया करतात. हा जिवाणू मुळांवर गाठी करतो आणि हवेतला नत्र पिकाला मिळवून देतो. पण प्रत्येक पिकाचा रायझोबियम वेगळा, आणि बरेच प्रकार एकत्र केले की ते एकमेकांना मारक ठरतात. अमेरिकेत एका संशोधकाने असे प्रकार शोधून काढले जे एकत्र सुखाने राहतात, आणि त्यांचं एकच मिश्रण बनवून पेटंट घेतलं. फंक ब्रदर्स विरुद्ध कॅलो या खटल्यात कोर्टाने ते पेटंट रद्द केलं. म्हणणं असं की, हे जिवाणू आधीपासून तसेच होते. तुम्ही निसर्गाचा एक गुण ओळखलात, नवीन काही घडवलं नाहीत.

दुसऱ्या बाजूलाही दाखले होते. लुई पाश्चरना १८७३ मध्ये अमेरिकेत बिअरच्या कामाचं जे पेटंट मिळालं, त्यात रोगजंतूंपासून मुक्त यीस्टवरही दावा होता. आणि १९३० मध्ये अमेरिकेच्या संसदेने कलमाने वाढवलेल्या नव्या झाडांसाठी वेगळा पेटंट कायदा केला होता. पण याच कायद्याचा अर्थ दोन्हीकडून लावता येत होता. एक पक्ष म्हणाला, बघा, जिवंत वस्तूला पेटंट मिळतंच. दुसरा म्हणाला, झाडांसाठी वेगळा कायदा करावा लागला, याचाच अर्थ साध्या कायद्यात जिवंत वस्तू बसत नाही.

या वादात आठ वर्षं गेली. पेटंट कार्यालयाच्या अपील मंडळाने नाही म्हटलं. पेटंटची अपिलं ऐकणाऱ्या वरच्या कोर्टाने हो म्हटलं. मग पेटंट आयुक्त सिडनी डायमंड यांच्या नावाने सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं, म्हणून खटल्याचं नाव ‘डायमंड विरुद्ध चक्रवर्ती’. आधी यासोबत अपजॉन या औषध कंपनीचं असंच दुसरं प्रकरणही होतं. त्यांनी आपला दावा ऐनवेळी मागे घेतला आणि चक्रवर्तींचा जिवाणू कोर्टात एकटाच उरला.

पाच विरुद्ध चार

कोर्टात तोपर्यंत बाकीचं जगही येऊन पोचलं होतं. जनुक जोडण्याचं तंत्र आता सहा-सात वर्षांचं झालं होतं. १९७६ मध्ये सुरू झालेल्या जेनेंटेक कंपनीने १९७८ मध्ये जिवाणूकडून मानवी इन्सुलिन बनवून घेतल्याचं जाहीर केलं होतं. या कंपनीने कोर्टात पेटंटच्या बाजूने लेखी म्हणणं दिलं. विरोधात जेरेमी रिफ्किन यांच्याशी संबंधित पीपल्स बिझनेस कमिशन ही संघटना उतरली. त्यांचं म्हणणं होतं की, आज जिवाणू, उद्या झाड, परवा जनावर, आणि मग माणूस. जीवनच कंपन्यांच्या ताब्यात जाईल.

सरन्यायाधीश वॉरेन बर्गर यांनी बहुमताचा निकाल लिहिला. तो फार भावनिक नाही. ते म्हणतात, आमच्यापुढचा प्रश्न कायद्यातल्या शब्दांचा आहे. वस्तू जिवंत आहे की निर्जीव, हा मुद्दाच नाही. ती निसर्गाची आहे की माणसाने घडवलेली, हा मुद्दा आहे. रायझोबियमच्या मिश्रणातला प्रत्येक जिवाणू जसा होता तसाच राहिला होता. हा जिवाणू मात्र निसर्गात कुठेही नाही, आणि त्याचे गुण ठळकपणे वेगळे आहेत. धोक्यांबद्दल विचाराल, तर ते तोलण्याचं काम संसदेचं. आम्ही पेटंट नाकारलं म्हणून संशोधन थांबणारही नाही.

विरोधी मत न्यायमूर्ती ब्रेनन यांनी लिहिलं. त्यांचा मुद्दाही तोडीचा आहे. संसदेने झाडांपुरतं दार उघडलं आणि जिवाणूंना त्यातून मुद्दाम वगळलं. मग ते दार रुंद करायचं की नाही, हेही संसदेनेच ठरवावं, कोर्टाने नाही.

मला दोन्ही बाजू वाचताना एक जाणवतं. एवढ्या मोठ्या प्रश्नावर, म्हणजे जिवाची मालकी असावी का यावर, खरं तर कुणीच उत्तर दिलेलं नाही. बहुमत म्हणतं, संसदेला विचारा. अल्पमतही म्हणतं, संसदेला विचारा. फरक एवढाच की, संसद बोलेपर्यंत दार उघडं ठेवायचं की बंद. पाच जण म्हणाले उघडं.

३१ मार्च १९८१ रोजी चक्रवर्तींचं पेटंट निघालं.

दार उघडल्यावर

निकालानंतर चार महिन्यांनी, १४ ऑक्टोबर १९८० ला, जेनेंटेकचे शेअर बाजारात आले. ३५ डॉलरला विकलेला शेअर तासाभरात ८८ वर गेला. कंपनीकडे तेव्हा बाजारात विकायला स्वतःचं एकही औषध नव्हतं. जिवाणूकडून बनवलेल्या इन्सुलिनला मंजुरी मिळाली ती १९८२ मध्ये. पण गुंतवणूकदारांना एक खात्री झाली होती की, जिवाणू बदलण्यात घातलेल्या पैशाला आता कागदाचं कुंपण घालता येतं.

अन्नाच्या बाबतीतली मोठी गोष्ट १९९० ची. चीज करायला दूध गोठवणारं एक एन्झाइम लागतं, कायमोसिन. पारंपरिक पद्धतीत ते कोवळ्या वासराच्या चौथ्या पोटातून काढतात. आपलं पनीर लिंबावर फाटतं, त्यामुळे आपल्याकडे हा प्रश्न कधी आला नाही, पण चीज म्हटलं की शाकाहारी माणूस विचारात पडायचा. वासराचं ते जनुक जिवाणूत घातलं आणि जिवाणूने तेच एन्झाइम बनवून दिलं. १९९० मध्ये अमेरिकेने त्याला परवानगी दिली. जनुक बदललेल्या सूक्ष्मजीवाकडून आलेला, तिथे मंजूर झालेला हा पहिला अन्नघटक. आज जगातलं बरंचसं चीज अशाच कायमोसिनवर बनतं. गायीशिवाय दुधाची प्रथिनं बनवण्यासाठी आज जे तरुण संशोधक स्टीलच्या टाक्यांमध्ये यीस्ट वाढवतात, ते याच वाटेने पुढे चाललेत.

पण सगळंच जमलं असं नाही. ब्रिटनच्या आयसीआय कंपनीने मिथेनॉलवर जिवाणू वाढवून ‘प्रुटीन’ नावाचं पशुखाद्य काढलं, त्या जिवाणूतही जनुकबदल करून बघितले, प्रचंड कारखाना उभा केला. आणि सोयापेंड त्याहून स्वस्त पडली. कारखाना बंद करावा लागला. प्रयोगशाळेत जिंकलेला जीव बाजारात हरू शकतो, हे तेव्हाही खरं होतं आणि आजच्या स्टार्टअपनाही ते रोज भेटतं.

समुद्रावर न गेलेला जिवाणू

आणि आपला नायक? त्याचं काय झालं? बदललेला जीव उघड्या समुद्रात सोडायला परवानगी कोण देणार, हा एक अडसर. दुसरा अडसर त्याहून मूलभूत. समुद्रात आधीच तेल खाणारे लाखो जिवाणू आहेत. शतकानुशतकं समुद्राच्या तळातून तेल झिरपतंय, त्यावर ते जगतात. प्रयोगशाळेत लाडाकोडात वाढलेला जिवाणू थंड, खारट, उपाशी पाण्यात त्यांच्यापुढे टिकणं कठीण. आणि तेल खाणाऱ्याला नुसतं तेल पुरत नाही, नत्र आणि स्फुरदही लागतं. म्हणून १९८९ मध्ये अलास्कात एक्सॉन वाल्डेझ जहाजातून तेल सांडलं तेव्हा शास्त्रज्ञांनी किनाऱ्यावर खत टाकलं. तिथल्याच जिवाणूंना खुराक दिला आणि त्यांना काम करू दिलं.

आपल्याकडेही तोच धडा दिसतो. टेरी या संस्थेने ‘ऑइलझॅपर’ म्हणून जिवाणूंचं मिश्रण बनवलं, ते आपल्या तेल कंपन्यांच्या आवारातला तेलकट गाळ साफ करायला वापरलं जातं. त्यातले जिवाणू निसर्गातून निवडलेले आहेत, जनुकं बदललेले नाहीत. थोडक्यात, १९४८ च्या रायझोबियमच्या मिश्रणाशी त्याचं नातं जवळचं, चक्रवर्तींच्या जिवाणूशी लांबचं.

आपल्याकडे कायदा काय म्हणतो

माझी मामेबहीण मायक्रोबायोलॉजीत एम.एस्सी. करते. या भागाची तयारी चालू असताना तिने मला विचारलं, “ताई, मी लॅबमध्ये एखादा जिवाणू बदलला, तर तो माझा, कॉलेजचा, की कुणाचाच नाही?” तुमच्यापैकी बऱ्याच जणांना हा प्रश्न उद्या पडणार आहे, म्हणून थोडक्यात सांगते.

आपला पेटंट कायदा १९७० चा. जागतिक व्यापार संघटनेच्या ट्रिप्स करारात झाडं आणि जनावरं पेटंटमधून वगळायची मुभा देशांना आहे, पण सूक्ष्मजीव वगळायची नाही. १९८० चा तो एका मताचा निकाल पंधरा वर्षांत असा जगभरच्या करारात जाऊन बसला. भारताने २००२ च्या दुरुस्तीत त्याप्रमाणे बदल केला. त्याच वर्षी जानेवारीत कलकत्ता उच्च न्यायालयाने डिमिनाको खटल्यात म्हटलं की, शेवटी तयार होणारी वस्तू जिवंत आहे म्हणून पेटंट नाकारता येणार नाही. जिथे चक्रवर्ती शिकले त्याच शहरात.

तरीही वाद मिटला नव्हता. २००५ मध्ये सरकारने डॉ. रघुनाथ माशेलकरांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. मूळचे गोव्यातल्या माशेलचे, पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे माजी संचालक. समितीपुढच्या दोन प्रश्नांपैकी एक हाच होता की, सूक्ष्मजीवांना पेटंटमधून वगळता येईल का? त्या अहवालावर मोठा गदारोळ झाला, तो एकदा मागे घेऊन २००९ मध्ये पुन्हा सादर झाला. समितीचं मत होतं की, सरसकट वगळणं करारात बसणार नाही.

म्हणजे आज स्थिती अशी. मातीतून नुसता शोधून काढलेला जिवाणू कुणाचाच नाही. कायदा त्याला शोध मानत नाही. माणसाने खरोखर बदललेला, नवा आणि उपयोगी जिवाणू पेटंट मिळवू शकतो. तो नुसता कागदावर वर्णन करून भागत नसेल, तर मान्यताप्राप्त संग्रहात जमा करावा लागतो. असा एक संग्रह चंदीगडला आहे, आणि २०११ पासून दुसरा पुण्यात, राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राच्या छत्राखाली. आपल्या देशातल्या जैविक साधनावर काम असेल, तर राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाचीही वाट चालावी लागते. आणि तू विद्यार्थी म्हणून किंवा नोकरीत राहून काम केलंस, तर संस्थेचा नियम काय आहे ते आधी वाच. चक्रवर्तींच्या पेटंटवरही शोधक म्हणून नाव त्यांचं होतं, हक्क जनरल इलेक्ट्रिकचे. शेवटचं म्हणजे, परिषदेत पोस्टर लावायच्या आधी अर्जाचं बघ. एकदा जगासमोर मांडलेली गोष्ट ‘नवी’ म्हणून सिद्ध करणं अवघड जातं.

शेवटी

रिफ्किन यांची भीती खोटी होती का? पूर्णपणे नाही. १९८८ मध्ये हार्वर्डच्या कर्करोग होणाऱ्या उंदराला पेटंट मिळालं. नंतर माणसाच्या जनुकांवरही दावे झाले, आणि स्तनाच्या कर्करोगाची शक्यता तपासायची तर एकाच कंपनीकडे जावं लागेल, अशी वेळ अमेरिकेतल्या बायकांवर आली. २०१३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ते पेटंट मोडलं. नुसतं शरीरातून वेगळं काढलेलं जनुक ही निसर्गाचीच वस्तू आहे, असं सांगितलं. आणि हे ठरवताना कोर्टाने पट्टी वापरली ती रायझोबियमची आणि चक्रवर्तींच्या जिवाणूची. दार उघडणारा निकालच दाराला चौकट घालायलाही कामी आला. त्यासाठी मध्ये तेहतीस वर्षं आणि खूप लोकांची लढाई लागली, हेही विसरायचं नाही.

चक्रवर्ती १९७९ मध्येच कंपनी सोडून शिकागोच्या इलिनॉय विद्यापीठात प्राध्यापक झाले होते. पुढे त्यांनी स्युडोमोनासच्याच एका प्रथिनाचा कर्करोगावर उपयोग होईल का, याचा पाठपुरावा केला. आणि दुसरं एक काम केलं, ते मला फार आवडतं: न्यायाधीशांना जनुकशास्त्र समजावून सांगण्याचं. आपल्या जिवाणूचं भवितव्य ज्यांनी ठरवलं, त्या मंडळींना उद्या याहून अवघड प्रश्न सोडवावे लागतील, हे त्यांना कळलं होतं. भारत सरकारने २००७ मध्ये त्यांना पद्मश्री दिली. १० जुलै २०२० रोजी, ८२ व्या वर्षी, ते गेले.

तुम्ही जिवाणू बदलणारे असाल, कायदा शिकणारे असाल किंवा नुसते पिझ्झा खाणारे, हा वाद तुमच्या ताटापर्यंत आलेला आहे. तुमचं मत काय, बदललेल्या जिवावर मालकी असावी का, आणि असली तर किती वर्षं, कुठल्या अटींवर? मला नक्की कळवा. आणि हा भाग एखाद्या मायक्रोबायोलॉजीवाल्या मित्राला पाठवा, तो कुठे ना कुठे भांडायला येईलच.

भेटूया पुढच्या भागात. तोवर काळजी घ्या, ऐकत राहा.